तळं चढतं की उतरतं

मी नऊ वर्षांची, होडीच्या टोकाशी.
वल्ही तावेत्तीकडे. गळ नाही, जाळं नाही,
नुसती लांब काठी, टोकाला लोखंडी आकडा,
आणि तळाशी चाचपडणं.

हौकियार्वीत माशांहून लाकडं जास्त, तो म्हणायचा.
त्याच्या तरुणपणी वसंतात बर्फ फुटला
की जंगलच्या जंगल पाण्यावरून गिरणीला निघायचं.
पाइन तरंगायचं. स्प्रूसही.
भूर्ज मात्र चार दिवस ऐटीत,
मग पाणी पिऊन पिऊन जड,
एक टोक खाली घालायचं, पेंगणाऱ्या माणसासारखं,
आणि एके सकाळी नसायचंच.
म्हणून एका भूर्जाला दोन स्प्रूस बांधायचे,
दारुड्याला दोन दोस्त घरी नेतात तसे.
दोर सुटला की दोस्त पुढे जातात.

सत्तावन्न साली अकरा भूर्ज गिरणीला पोचले नाहीत.
मुकादम केत्तुनेन म्हणाला, विकलेस. सरपणाला.
तावेत्ती म्हणाला, बुडाले.
मुकादम हसला: लाकूड कधी बुडतं का रे?
आणि सहा आठवड्यांची मजुरी बुडाली.
तिला तर वजनही नव्हतं.
पुढे केत्तुनेन मरेपर्यंत
याला पाण्यात पाहत राहिला.
पाण्यात पाहिलं नाही ते फक्त पाणी.

त्या दिवशी आकडा अडकला.
कप्पी करकरली, होडी कण्हली,
चिखलातून काळं, बुळबुळीत, माझ्या दीडपट लांब काहीतरी
आमच्या दोघांच्या मध्ये येऊन झोपलं.
होडीचा काठ पाण्यापासून चार बोटांवर आला.
तावेत्तीने श्वास घेतला, नाक पुसलं, म्हणाला:
आता सांग आइली, तळं चढलं की उतरलं?

उतरलं, मी म्हटलं. तळ्यातली एक वस्तू कमी झाली ना.
वस्तू कमी झाली, तो म्हणाला. ओझं वाढलं.
पुढे काठावर येईपर्यंत अक्षर नाही.

संध्याकाळी सौनातल्या टबात लोण्याचा रिकामा डबा तरंगत ठेवला,
शेजारी तळाला दगड.
पाण्याच्या कडेशी पेन्सिलीने रेघ.
मग दगड काढून डब्यात.
पाणी रेघेच्या वर, अर्धं बोट.
मी तीनदा करून पाहिलं.
चौथ्यांदा त्याने गुपचूप दगड बदलला,
तरी वरच.

तळाशी पडलेला दगड अंगापुरती जागा घेतो,
तो म्हणाला.
उचलून घेतलास की वजनाची मागतो.

शाळेत बाईंना विचारलं.
बाई म्हणाल्या, उतरेल.
मग थांबल्या. खडू हातात तसाच.
गणिताचा तास बुडाला त्या दिवशी,
बादली कोणी आणली ते आठवत नाही,
बाईंच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या एवढं आठवतं.

ते लाकूड दोन हिवाळे शेडमध्ये वाळलं.
चिरलं, फुगलं, फिकं झालं.
मग त्याने टोकाची एक चकती कापली:
गिरणीच्या हातोड्याचा शिक्का,
खाली त्याच्या स्वतःच्या तीन खाचा.
टबात सोडली.
खाली गेली, विचार केल्यासारखी,
आणि वर आली, शिक्का वरच्या बाजूला.
घे, तावेत्ती म्हणाला, चोरीचा माल.
हसला नाही. टॉवेल शोधत राहिला.

चार निघाले त्याच्या हातून.
सात अजून खाली आहेत,
अंगापुरत्या जागेत.
आकडा आता माझ्याकडे,
होडी भाड्याची, पाठ माझी कुरकुरते.
लोक विचारतात, काय मिळतं?
मी सांगते, हौकियार्वी अजून
जेवढं भरायला हवं तेवढं भरलेलं नाही.
केसभर कमी आहे.
केसाचाही बारीकसा केस,
पण कमी आहे.