पहिले पोट

लहानपणी वाटायचं, मामा तलाव म्हणजे
सुकचंदमामाचाच तलाव.
माजी मालगुजारी, हे फार नंतर कळलं,
नागपूरच्या कॉलेजात, एका नकाशाखाली.

आता त्याच पाळीवर बसलेय,
मांडीवर लॅपटॉप, समोर आमचं कासव:
सोळा मोटरी, रबराची कातडी.
पाण्यात पाय चपटे होतात, वल्ह्यासारखे,
जमिनीवर पुन्हा गोल, जाड.
तलावात गाळ किती चढला ते मोजणार आहे.

पाण्यात पोहलं. छान पोहलं.
पाळीवर चाललं, तर पोरं मागे धावली.
अडकलं ते मधेच,
जिथं पाणी संपलेलं नाही
आणि माती सुरू झालेली नाही,
बेशरमच्या झुडपापाशी, वीतभर चिखलात.
पाय उचलायचं, रुतायचं.
जितका जोर, तितकं खोल.
पलाशनं तीनदा प्रोग्राम बदलला.
चौथ्यांदा शिवी दिली.

सायत्रामामी कमरेइतक्या पाण्यात,
हातानं गाद चाचपत, ओटीत दोन शिंगूर.
म्हणाली, "तुमच्या रोबोले पाय उचलाची घाई हाय बाप्पा.
चिखलात कोनी पाय उचलत नाई.
कासव पहिले पोट ठेवते,
मंग पाय काढते."

"पोट ठेवते म्हणजे?"
ती काठाकडे आली, तसंच दाखवत:
टाच नाही, आधी सगळा तळवा,
साऱ्या अंगाचं वजन हळूहळू सांडत,
मग दुसरा पाय, आवाज न करता.
बोटांच्या बेचक्यांत चिखल्या.
चाळीस वर्षं ह्याच वीतभर जागेतून
तिचं जाणं-येणं.

मी लिहिलं: थांब. पोट टेक.
चारशे मिलिसेकंद.
मग डावा पुढचा.

निघालं.
पलाश ओरडला. मामीनं वळूनही पाहिलं नाही,
तिला एक मरळ लागली होती.

संध्याकाळी, तलावाच्या मधोमध,
बॅटरी संपली. कमळाच्या पानांत
हिरवा दिवा दोनदा मिचकावून विझला.
मामा डोंगा घेऊन गेला, काही न बोलता.
परतला तेव्हा कवच दोन्ही कडांनी धरलेलं,
पाय लोंबते, पाणी गळतंय.

मी हात पुढे केले.
त्यानं ते मला दिलं नाही.
सवयीनं खाली ठेवलं,
तोंड पाण्याकडे करून,
आणि दोन पावलं मागे सरकून
उभा राहिला.