चौदा विभक्त्या

नार्वाच्या वीजकेंद्रात उर्वे रात्रपाळीला.
आधी सोपं होतं:
नदीपलीकडून आलेलं पत्र
दुसऱ्याच ओळीत विभक्तीला अडखळायचं.
एस्टोनियनच्या चौदा विभक्त्या,
हाच आमचा तट, ती म्हणायची.

आता यंत्राला चौदाही मुखोद्गत.
आज तर थेट माहेरच्या बोलीत विचारतंय,
आईचा गुडघा कसा आहे,
आणि जाता जाता, ही फाइल उघडशील?
खाली नाव: काल्यू.

बोट टेकता टेकता थांबलं.
काल्यू, आणि स्वल्पविराम जागच्या जागी?
वीस वर्षांत कधी नाही.

तोवर भिंतीवरच्या पडद्यात
आपलं यंत्र त्यांच्या यंत्राशी
झटापट करून मोकळंही झालेलं,
तीन सेकंदांत.
दोन्ही काठांवर दिवे तसेच.

तिनं काल्यूला उठवलं.
झोपाळू, चिडका,
अर्धे शब्द गिळणारा आवाज.
"बोलत राहा," ती म्हणाली,
"चुकत बोल."