मागचं झाकण

पावती आहे माझ्याकडे, मी म्हटलं
आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून काउंटरवर ठेवली:
कोल्हापूर, एकोणीसशे चौसष्ट, दोनशे दहा रुपये,
घड्याळाचा नंबर निळ्या शाईत,
खाली मालकाची सही, माशी शाईत पडून चालत गेल्यासारखी.

इनास रॉड्रिग्जने पावतीकडे पाहिलंच नाही.
वेंगुर्ल्याच्या बाजारात, मासळी मार्केटच्या वळणावर,
दीड माणूस बसेल एवढं त्याचं दुकान.
डोळ्याला भिंग लावून तो वाकला.
"काच नवी. चावी एचएमटीची."
मग थांबला.
"तास काटो एकाचो, मिनिट काटो दुसऱ्याचो.
लगीन लावल्यान कोणीतरी."

डायल पुन्हा रंगवलेली.
सहाच्या खाली 'स्विस मेड' लिहिताना
शेवटच्या अक्षराला जागा उरली नव्हती,
ते तसंच काठावर लटकलंय.
"रंगारी मुंबयचो," इनास म्हणाला, "पण हात बरो."

पुण्याच्या गृहस्थांनी फोनवर एकच विचारलं होतं,
सगळं मूळचं आहे ना?
मूळचं असेल तर चाळीस हजार.
भावाला माडांची वाडी मिळाली, मला हे.
पट्ट्याला बाबांच्या घामाचा वास आहे म्हणावं
तर पट्टा मीच बदललाय, दोनदा.

बाबा कस्टमच्या लाँचवर खलाशी होते.
रात्री दिवे मालवून निवतीच्या खडकांपर्यंत जायचे,
सकाळी येऊन पेज जेवायचे
आणि काय झालं ते सांगायचे नाहीत.
घड्याळाचं मात्र सांगायचे, पाहुण्यालासुद्धा:
पगारातून साठवून, रोख,
एका पैशाचं कुणाचं देणं नाही.

झाकण उघडलं तेव्हा
कडेने थोडं करडं काहीतरी सांडलं, मीठ की मळ.
झाकणावरचा नंबर मी पावतीशी ताडला,
आकड्यावर बोट ठेवून, बँकेत चेक ताडते तसा.
जुळला.
मी तोंड उघडणार, तेवढ्यात इनास म्हणाला,
"झाकण तुझ्या बापाशीचां. मशीन नाय."

मशीन सहासात वर्षांनी नंतरची.
अस्सल स्विस, एकाही स्क्रूला ओरखडा नाही,
पावतीवरच्या दुकानाशी तिचा संबंध नाही.
"अशी मशिनां तेव्हा मेणकापडातसून येयत,"
तो बाहेर बघत म्हणाला, "शेकड्यांनी."
कुठून, ते मी विचारलं नाही.
त्या दुकानातून बंदर दिसत नाही. वास येतो.

मग त्याने झाकण उजेडात तिरकं धरलं.
आतल्या बाजूला सुईने कोरलेलं,
केसाएवढ्या रेघांत: ७१,
आणि शेजारी एक क्रूस, खालून थोडा वाकलेला.
दुरुस्ती केली की मिस्त्री अशी खूण करतात,
मला ठाऊक नव्हतं.
इनासने भिंग काढलं. पुसलं. परत लावलं.
"असो वाकडो क्रूस," तो म्हणाला,
"आमचो बापूस काढी."

एका सातबाऱ्यावर अचानक नावं निघावीत
तसे आम्ही दोघे त्या झाकणाकडे बघत राहिलो.
काय विचारलं असेल त्याच्या बापाने माझ्या बापाला?
की काहीच नाही, नुसतं "फाल्या ये"?
खाऱ्या पाण्यात जुनी मशीन गंजली होती का?
ही कुणी दिली, की यांनी घेतली,
की पंचनाम्यात कुणीतरी
एक कमी मोजली?
बाबा आम्हाला सरकारी पेन्सिलीने
घरचा अभ्यास करू देत नसत.

तुम्हीही खूण करा, मी म्हटलं. आजची तारीख घाला.
"मी काय केलंय?
उघाडलंय नि बघलंय.
बघल्याची खूण करूची नसता."
पन्नास रुपये घेतले त्याने, सुटे मोजून परत दिले,
दहाची एक नोट फाटकी होती ती बदलून दिली.

पुण्याचा फोन आला तेव्हा मी बंदराच्या रस्त्यावर होते.
बघितलंत का, मूळचं आहे?
झाकण, मी म्हटलं.
झाकण मूळचं आहे.