बंग

इप्सविचला, डेस क्रिलीच्या दुकानात
ब्रेमर नदीच्या पुराची रेघ
अजून भिंतीवर आहे, छातीएवढी.
तिच्याखाली बंद पडून जे जे येतं
त्याच्यावर तो खडूने एकच शब्द लिहितो:
बंग.
टोस्टर बंग. धुण्याचं मशीन बंग.
स्वतःचा डावा गुडघा बंग,
आणि पणज्याचे पैसे बुडवणारी ती बँक,
तीही म्हणे बंगच झाली होती.

पिंपाच्या बुचालाही इंग्रजीत हेच म्हणतात.
टेबलाखालून सरकवलेल्या पाकिटालाही.
डेसला वाटायचं, सगळी एकाच आईची पोरं:
बूच निघालं, पिंप रितं झालं,
की झालं बंग.
चाळीस वर्षं हा हिशेब त्याला पुरला.

मग आंटी वेल्मा आली, शिलाई मशीन घेऊन.
खडूची अक्षरं वाचत थांबली.
"हा आमचा," म्हणाली. तक्रार नव्हती ती;
परक्या दोरीवर वाळणारी आपली चादर
बाईने ओळखावी, तशी.
"आम्हा यगारांचा. बंग म्हणजे मेलेलं."

गोऱ्यांनी जमीन घेतली, तेव्हाच हाही उचलला असेल.
जमिनीचे कागद झाले.
याची पावती कुणी फाडली नाही.

(हे लिहिताना माझ्या कानात
आपला भंग वाजत राहिला.
चेहरा किती मिळतो दोघांचा!
पण चेहऱ्यावरून नातं लावायचं
तर मग डेसचं बूच काय वाईट होतं?)

"मेलेलं कसं?" डेस म्हणाला. "हे सगळं तर मी उठवतो."
आंटी हसली. मग सांगत बसली,
नात दर गुरुवारी भाषा शिकायला जाते,
झेरॉक्सच्या वहीतून.
घरी येऊन विचारते, आजी, अमक्याला काय म्हणायचं?
"मला कुठे येतंय. मीच तिची वही मागून घेते.
एवढा एक तेवढा तुम्ही सगळे रोज बोलता.
मेलेल्यासाठीचा."

बाहेर कोळशाची मालगाडी गेली. बराच वेळ जात होती.

डेसने मशीन पुढ्यात ओढलं,
खडू उचलला,
सवयीने पहिलं अक्षर काढलं,
अंगठ्याने पुसलं.
चाक हाताने फिरवून पाहिलं, दोनदा.
मग लिहिलं:
सुई अडकते. शनिवारी.