रिकामा गोल

फाईल मुंबईहून आली, पहाटे चारला.
वीस बाय दहा. नेत्याचा चेहरा
आठ फूट, कपाळ ते हनुवटी,
आणि उजव्या कोपऱ्यात करड्या रंगाचा गोल:
उमेदवाराचा फोटो इथं टाकावा.
नाव नंतर कळवू.

गंगाखेडात मी गौस पेंटर. फ्लेक्स नंतर आलं,
आधी भिंती होत्या. चुना, गेरू, नीळ,
शिडी धरायला धाकटा भाऊ.
मुंजाभाऊंचं नाव बस स्टँडच्या भिंतीवर
एवढं मोठं लिहिलं होतं मी
की 'मुं'वरचा अनुस्वार भाकरीएवढा.
पक्षाची निशाणी खाली, उरल्या जागेत.
नेता दिसतो कसा
तेव्हा मला माहीतच नव्हतं.

मग दर निवडणुकीला माप बदलत गेलं.
नेता टपाल तिकिटाएवढा, मग ताटाएवढा,
मग मुंजाभाऊंच्या खांद्याला खांदा,
मग मुंजाभाऊ खाली, हात जोडून.
"डोकं जरा बारीक कर रे गौस,"
एकदा ते स्वतःच म्हणाले,
"वरच्यांना बरं दिसत नाही."

पाण्याच्या ठरावाला सभागृहात
त्यांनी हात वर केला, तो वरच्या धरणांसाठी.
इथं गोदावरीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती.
मी विचारलं, तर खिशातून कागद काढला,
चार घड्यांचा, घामानं मऊ झालेला:
उपस्थित राहावे. बाजूने मतदान करावे.
खाली सही, तीसुद्धा शिक्क्याची.
"आमदारकी गेली असती, गौस."
मी चहा मागवला.

आज अर्ज भरायचा शेवटचा दिवस.
दुपारचे दोन. मुंजाभाऊ माझ्या बाकावर,
कडक इस्त्री, फोन मांडीवर पालथा.
बाहेर अजून तिघं उभे:
एक डॉक्टर, एक कारखान्याचा संचालक,
एक परवाच पक्षात आलेला.
एबी फॉर्म म्हणे गाडीत आहे, गाडी परभणीच्या पुढं आहे,
नाव कुणाचं ते ड्रायव्हरलाही ठाऊक नाही.
सगळ्यांचे डोळे माझ्या स्क्रीनवर,
जसा काही निकाल मीच देणार.

तीनला खिडकी बंद.
दोन चाळीसला फोन वाजला, माझा.
एक फोटो. चष्मा, तिशीतला, गोरा.
कुणीच ओळखला नाही.
मी तो गोलात टाकला. नीट बसला.

मुंजाभाऊ उठले, चपला शोधू लागले.
त्या त्यांच्या पायातच होत्या.

मशीन सुरू केलं.
आधी नेत्याचं कपाळ निघालं,
आणि बराच वेळ
नुसतं कपाळच निघत राहिलं.