दोरी ओढावी

खानापूरच्या जुन्या दवाखान्याचं नाव यादीत आहे.
म्हणजे भिंतीला खिळा मारायचा तर
धारवाडहून कागद यावा लागतो.
कागद येईस्तोवर खिळा गंजतो.

मला पाठवलं होतं विजेचं बिल उतरवायला.
महिन्याला नऊशे बारा युनिट.
बिल कानडीत, त्यावरचा तक्रारअर्ज मराठीत,
आकडा दोन्हींत तेवढाच जड.

हातात उष्णता दाखवणारा कॅमेरा.
त्यात जांभ्याची भिंत भर दुपारी तीनला
रांजणासारखी निळी.
लाल पट्टा फक्त वर,
जिथं कुणीतरी प्लायवूड ठोकून
एसीसाठी खोली बुटकी केली होती.
(तेव्हा खिळ्यांना कागद लागला नसावा.)

मी वहीत लिहिलं : दुहेरी काचा. कौलांखाली थर.
रेजिना सिस्टर म्हणाल्या,
"काचा बसवा की. पण फिनेलचा वास मग कुठनं जायचा?"
सत्तावीस वर्षं तो त्यांच्यासोबतच घरी जातो,
नंदगडच्या शेवटच्या बसनं.

बसलिंग गवंडी शिडीवर चढला, नखानं भिंत खरवडली.
हिरव्या ऑइलपेंटचा पापुद्रा
उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा सुटून आला,
खाली चुना, घामेजलेला.
"रेनकोट घालून निजवलंय की हो हिला."

मग त्यानं दारावरची फळी उचकटली.
आत सागवानी झरोका, दोरीसकट.
दोरीला गाठ,
गाठीवर कुणाकुणाच्या हातांचा काळा तेलकटपणा.
त्यानं ओढली. झरोका करकरला,
अर्धा उघडला, अडकला,
चिमणीचं रिकामं घरटं पडलं
नेमकं माझ्या 'दुहेरी काचा'वर.

"गाळी बरली, सर."

गाळी म्हणजे वारा.
येऊ दे, म्हणाला तो.
आणि आला, मलप्रभेकडून,
चिखलाचा, कौलभट्टीच्या धुराचा,
केसपेपर उडवत,
रांगेतल्या म्हातारीच्या तोंडावरचा पदर सारत.
कॅमेऱ्यात लाल पट्टा पिवळा झाला,
मग मी बघायचं विसरलो.

अहवालात शिफारशींच्या रकान्यात लिहिलं :
प्लायवूड काढावं. रंग खरवडून चुना द्यावा.
दोरी ओढावी.
बेळगावच्या साहेबांनी तिसऱ्या ओळीखाली
तांबड्या शाईनं विचारलं :
अंदाजे खर्च?

काथ्याची दोरी, चौदा मीटर, मी कळवलं.
ओढणारा माणूस जागेवर आहे.

या महिन्यात सहाशे अठ्ठावन्न.
लसींचा फ्रीज मात्र कोपऱ्यात तसाच घरघरतो,
त्याला वारा चालत नाही,
आणि त्याच्याबद्दल जुन्या गवंड्यांनी
काहीच सोय ठेवलेली नाही.

सहा वाजता सिस्टर झरोके ओढून घेतात.
वटवाघळं येतात म्हणे.
त्यांनाही ही वाट कुणी सांगितली नव्हती.