ओळ एक्केचाळीस

इतिवृत्त लिहायचं काम माझं.
कोण काय म्हणालं, कोणाचा हात वर होता.
कॉफी तीनदा आली, हे त्यात येत नाही.
टाम्पेरेत दुपारी तीनलाच दिवे लागले, हेही नाही.

खिडकीकडे कारिना वुओरेला.
बारा वर्षं तिने नियम घासूनपुसून लख्ख केलेले:
उघडलेला प्रत्येक कंस मिटलाच पाहिजे,
शेवटी उघडला तो आधी मिटायचा.
एक जरी राहिला, तर पान दाखवायचंच नाही.
पिवळी पट्टी, ओळीचा क्रमांक, बस्स.

समोर एस्किल ब्रान्वोल, ब्राउझर बांधणारा,
स्वेटरच्या बाहीला भोक.
"लोक अर्धं लिहून उठतात," तो म्हणाला,
"दूध उतू जात असतं."
त्याचं यंत्र सगळंच चालवून घ्यायचं,
पोरके परिच्छेद, पाय मोडलेले तक्ते,
एकदा ठळक झाली की थांबायचं विसरलेली अक्षरं.

दोन तास मी एकच शब्द लिहीत होतो. असहमती.

मग कारिनाने वाईट पानाचा नमुना काढला,
घरूनच आणलेला.
तिच्या वाचकयंत्रात: पिवळी पट्टी. चूक, ओळ एक्केचाळीस.
"बघा," ती म्हणाली.
एस्किलने तेच पान त्याच्याकडे उघडलं.

तलावावरचा बर्फ कधी फुटला, त्याची नोंद.
साल, तारीख, वारा.
चाळीस ओळी सरळ, पुढच्या सगळ्या तिरक्या,
वाऱ्याने एका बाजूला झोपलेल्या बोरूसारख्या.
शेवटची: १९९८, नऊ मे, आवाज अंथरुणातूनच ऐकला.
खाली नाव. ओ. वुओरेला.

कोणी काही बोललं नाही.
तिने चष्मा पुसला, आणि मत दिलं
तिच्याच बाजूला.
चार विरुद्ध नऊ. तिचा मसुदा तिथेच संपला.

जिंकलेल्यांचा अजून चालूच आहे.
चुका कशा पोटात घालायच्या, याचीच त्यात शेकडो पानं,
आणि ती तिच्या नियमांहून कडक.
कधी पुरा होणार, असं विचारलं तर म्हणतात,
पुरा करायचाच नाही, जिता ठेवायचा.
मला ते धड पटत नाही. इतिवृत्ताला शेवट लागतो.

दर मे महिन्यात मी ते पान उघडतो.
त्या हिवाळ्यापासून कोणीतरी नव्या ओळी भरतंय.
साल, तारीख, वारा.
सगळ्या तिरक्या.